झाडं आहेत, तरी धूर घरात का येतो?

वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की ठाणे आणि नवी मुंबईतून एकाच विषयावर पत्रं येऊ लागतात: रस्त्याचा धूर, धूळ आणि झाडं. पाऊस हवा धुऊन काढतो. तो गेला की रात्रीची गार हवा जमिनीलगत साचून राहते आणि गाड्यांचा धूर तिच्यातच कोंडला जातो. त्यामुळे फेब्रुवारीपर्यंतचे चार महिने सगळ्यांत वाईट. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आमची सोसायटी घोडबंदर रोडला लागून आहे. बिल्डरने कंपाउंडच्या कडेने खोट्या अशोकाची रांग लावून दिली होती, ती आता चौथ्या मजल्याला टेकली. तरी खालच्या तीन मजल्यांच्या खिडक्यांच्या जाळ्या आठवड्यात काळ्या होतात. झाडं धूर शोषतात म्हणतात, मग आमची का शोषत नाहीत?
– सोसायटीचे सचिव, कासारवडवली

उत्तर: शोषतात, पण फार थोडा. पानांच्या रंध्रांतून थोडा नायट्रोजन डायऑक्साइड आत जातो, पानांवर धूळ बसते. मात्र घोडबंदर रोडवरच्या रहदारीपुढे हा हिशेब किरकोळ आहे. रस्त्याकडेच्या झाडीचं मोठं काम आडोशाचं. दाट हिरवा पट्टा रस्त्यावरून येणाऱ्या हवेला अडवतो, वर चढायला लावतो, आणि वर गेलेला धूर मोकळ्या हवेत मिसळून पातळ होतो. पट्ट्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाशी येतो तो हा पातळ झालेला धूर.

आता तुमची रांग बघू. खोटा अशोक सरळसोट वाढतो. दोन झाडांमध्ये हातभर जरी फट राहिली तरी वारा तिच्यातून उलट जोराने घुसतो. शिवाय गाड्या लावायला अडचण होते म्हणून खालच्या फांद्या छाटल्या जातात. गाडीचा सायलेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि तुमची पानं सुरू होतात पाच-सहा फुटांवर, म्हणजे धुराला वाट खालूनच मोकळी. नुसती उंची इथे काही कामाची नाही.

दाटी किती आहे हे बघायला यंत्र लागत नाही. रात्री आठच्या सुमाराला कंपाउंडच्या आत उभे राहा आणि रस्त्याकडे बघा. हेडलाइटचा झोत पानांतून थेट डोळ्यांवर येत असेल तर त्याच जागेतून धूरही येतो. नुसता अंधूक उजेड हलताना दिसला तर दाटी ठीक. वाकून गुडघ्याच्या उंचीवरूनही बघा, बहुतेक रांगा तिथे नापास होतात.

मोकळ्या रस्त्यालगतच्या, जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरलेल्या पट्ट्यामागे प्रदूषण साधारण १५ ते ६० टक्के कमी झाल्याची मोजमापं वेगवेगळ्या देशांत झाली आहेत. आकड्यांत इतका फरक पडतो तो वारा, पट्ट्याची जाडी आणि दाटी यांमुळे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये अशा पट्ट्यांसाठी शिफारशी केल्या: उंची ५ मीटर किंवा जास्त, जाडी १० मीटर किंवा जास्त, आणि जी जागा वाचवायची तिच्या दोन्ही टोकांपुढे ५० मीटर. ठाण्यात दहा मीटर जाडी कोण देणार? पण दोन-तीन मीटरचा पट्टा नीट भरला तरी फरक पडतो, फक्त कमी पडतो.

अशोक तोडू नका. त्यांच्या पायथ्याशी, बुंध्यापासून एक मीटर सोडून, रस्त्याच्या बाजूला झुडपांचं दुपदरी कुंपण उभं करा. कसं ते पुढच्या उत्तरात आहे. दोन मीटरच्या कुंपणाचा फायदा अंगणाला, तळमजल्याला आणि फार तर पहिल्या मजल्याला. तिसऱ्या मजल्यावरच्यांना त्याने काही फरक पडणार नाही, हे सभेत आधीच सांगितलेलं बरं. धुराचं प्रमाण रस्त्यापासून पहिल्या शंभर-दीडशे मीटरांतच झपाट्याने उतरतं. तेव्हा मुलांची खेळायची जागा आणि ज्येष्ठांची बाकं इमारतीच्या मागच्या अंगाला हलवता आली तर तो फायदा आजपासून मिळेल.

प्रश्न: शीव-पनवेल महामार्गालगत आमच्या आवारात भिंतीच्या आतून ३ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब पट्टी रिकामी आहे. सध्या तिथे डेब्रिज आणि घाणेरी. हिरवी भिंत करायची आहे. कोणती रोपं, किती, आणि काम कसं करायचं?
– कार्यकारिणी सदस्या, नेरूळ

उत्तर: जागा मोक्याची आहे. हिवाळ्यात रात्री आणि सकाळी वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो, म्हणजे महामार्गाचा धूर नेमका नेरूळकडे येतो. मुलं शाळेला निघतात तीच ही वेळ. शिवाय पक्की भिंत आणि तिच्यामागे झाडी ही जोडी नुसत्या झाडीपेक्षा चांगलं काम करते.

पट्टीचे दोन भाग करा. महामार्गाकडून आधी झुडपांची दुपदरी ओळ, तिच्यामागे दीड मीटरवर लहान सदाहरित झाडांची ओळ. झुडपं खालची बाजू बंद करतात, झाडं भिंतीच्या वरची.

झुडपांसाठी ७५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल सलग चर खणा. सुटे खड्डे नकोत, चरात मुळं एकमेकांत गुंततात आणि वाढ सारखी होते. चरात दोन ओळी, ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांतही ४५ सेंटिमीटर, आणि मागच्या ओळीतलं रोप पुढच्या दोन रोपांच्या मधोमध. एका ओळीला २२३ रोपं लागतात, दोन ओळींना ४४६. मर धरून दहा टक्के जास्त, म्हणजे ४९० मागवा. चराचं आकारमान ३४ घनमीटर, म्हणजे १२ ब्रास भरतं. तीन भाग माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत या हिशेबाने ९ ब्रास लाल माती आणि ३ ब्रास खत. खणून निघालेली माती बरी असेल तर तीच चाळून वापरा, मात्र डेब्रिज पुन्हा चरात ढकलू देऊ नका. कंत्राटदार वरच्या सहा इंचांत लाल माती पसरतो आणि खाली विटांचे तुकडे तसेच ठेवतो. रोपं पहिला पावसाळा छान दिसतात आणि मार्चमध्ये करपतात. चर भरण्यापूर्वी स्वतः उभं राहून तळ बघा. प्रत्येक धावत्या मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड टाका, वाळवीला आळा बसतो.

नवी मुंबईत बरीच जमीन भरावाची आहे, खाली मुरूम किंवा खारट चिकणमाती. एक खड्डा काठोकाठ पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर चराऐवजी जमिनीवर ३० सेंटिमीटर उंचीचा वाफा करा. मुळं कुजण्यापेक्षा ते परवडतं.

रोपं निवडताना तीन गोष्टी बघायच्या: पान बारमाही हवं, फांद्या जमिनीपासून फुटायला हव्यात, आणि छाटणी सोसायला हवी. पुढच्या ओळीत वनजाई, म्हणजे कुंपणाला लावतात ती कोयनेल. खारट जमीन आणि छाटणी दोन्ही सोसते. मागच्या ओळीत अडुळसा. तो दोन मीटरपर्यंत जातो आणि शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत. अडुळशाऐवजी कुंती चालेल, दाटी तिची सर्वांत सुरेख, पण वाढ सावकाश. निर्गुडीचं पान खालून लवदार असल्याने धूळ छान धरतं, मात्र उन्हाळ्यात ती विरळ होते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला तर सलग ओळ एका हंगामात बसते. म्हणून कधीही सगळं कुंपण एकाच जातीचं करू नका.

झुडपांमागच्या झाडांच्या ओळीत ३ मीटर अंतरावर ३४ झाडं लागतील. बकुळ, करंज आणि खाडीकाठच्या जमिनीला सवयीचा परसपिंपळ अशी मिसळ ठेवा. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. खणण्याआधी आवारातल्या गॅसच्या आणि पाण्याच्या वाहिन्या, विजेच्या केबल कुठून गेल्या आहेत त्याचा नकाशा हातात ठेवा. वाहिनीवर झाड लावायचं नाही, तिथे झुडपांवर भागवा. एकदा लावलेलं झाड पुढे नकोसं झालं तरी १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. जागा आधीच नीट ठरवा.

चर मे महिन्यात तयार ठेवा. लावणी पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या रोपांची मुळं रुजायच्या आत उन्हाळा येतो. नर्सरीत पिशवी हातात घेऊन तळ बघा. मुळं गोल फिरून तळाशी वेटोळं झालं असेल तर रोप जुनं आहे, घेऊ नका. घ्यावंच लागलं तर तळाचा दोन सेंटिमीटरचा काप कापून लावा.

सगळ्यांत जास्त चुका छाटणीत होतात. कुंपण लवकर उंच दिसावं म्हणून पहिली दोन वर्षं कात्री लावत नाहीत, आणि झुडूप शेंड्याला पसरून खाली पायघोळ काटक्या उरतात. एकदा खालचा भाग उघडा पडला की तो सहसा भरत नाही. लावतानाच रोपाचा वरचा एक तृतीयांश भाग कापा. ६० सेंटिमीटरला पोचलं की ४५ वर आणा, ९० झालं की ७५ वर. प्रत्येक कापाखाली दोन-तीन फुटवे येतात आणि त्यातूनच दाटी होते. कुंपणाचा काप खाली रुंद, वर अरुंद ठेवा: पायाशी ७५ सेंटिमीटर, माथ्याशी ५०. माळी सवयीने उलटं करतो, वरचा भाग खालच्यावर सावली धरतो आणि खालची पानं गळतात. असं निगुतीने केलं तर तीन वर्षांत दोन मीटरची सलग भिंत होते.

पाण्यासाठी इनलाइन ठिबक घ्या. ४० सेंटिमीटरवर ड्रीपर, ताशी ४ लिटर, दोन ओळींना मिळून ५०० ड्रीपर. एक दिवसाआड अर्धा तास चालवलं की हजार लिटर जातात, म्हणजे रोपाला दोन लिटरच्या आसपास. सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी चालेल, फक्त फिल्टर दर आठवड्याला धुवा, नाहीतर ड्रीपर महिन्यात बुजतात. मागच्या झाडांना पहिले दोन उन्हाळे आठवड्याला १५ ते २० लिटर.

एक शेवटचं. पट्टीच्या मधूनच गेटला वाट ठेवली असेल तर धूर तिथून पाण्याच्या लोंढ्यासारखा आत येतो. गेट टोकाला नेता आलं तर उत्तम, नाहीतर वाटेच्या दोन्ही अंगांनी कुंपण आत पाच-सहा मीटर वळवून घ्या. मेलेलं रोप त्याच पावसाळ्यात बदला. पुढच्या वर्षी लावलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटतं आणि भोक कायम राहतं.

प्रश्न: आमचा रस्ता जेमतेम ९ मीटरचा, दोन्ही बाजूंना सात मजली इमारती, खाली दुकानं आणि दिवसभर रिक्षांची रांग. महापालिकेने दुतर्फा पर्जन्यवृक्ष लावावेत असं निवेदन आम्ही तयार केलं आहे. वृक्षांची नावं बरोबर आहेत का, तपासाल का?
– व्यापारी, नौपाडा

उत्तर: नावं बरोबर आहेत, मागणी चुकीची आहे. सात मजले म्हणजे २१ मीटर उंची, म्हणजे रस्त्याच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त. अशा रस्त्याची घळ होते. इमारतींच्या माथ्यावरून वाहणारा वारा घळीत उतरतो, फिरतो आणि धूर वर ओढून नेतो. खालची हवा बदलण्याचा तेवढाच मार्ग असतो. त्यावर पर्जन्यवृक्षाचं छत धरलं की वारा वरून निघून जातो आणि रिक्षांचा धूर छताखाली, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर फिरत राहतो. महामार्गालगत जी झाडी उपयोगी पडते, तीच इथे धूर वाढवते. वेगवेगळ्या शहरांतल्या अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

घळीसारख्या रस्त्यात झाडी ठेवायची तर बुटकी: पदपथ आणि गाड्यांच्या मध्ये, मीटर-दीड मीटर उंच, सलग. कोपऱ्यावर आणि रस्ता ओलांडायच्या जागी ती ६० सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, लहान मूल चालकाला दिसायला हवं. तुमच्या पदपथावर एवढी रुंदी नसेल तर निवेदनात झाडांऐवजी इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या रिक्षांबद्दल लिहा. धूर त्यानेच लवकर कमी होईल.

हे वाचून कुणी जुनी झाडं तोडायची परवानगी मागायला जाऊ नये. उभं झाड सावली देतं, रस्त्याचं तापमान उतरवतं, पक्ष्यांचं घर असतं. ५० वर्षांवरच्या झाडांना तर २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा आहे. छत फारच मिटलं असेल तर उद्यान विभागाकडून शास्त्रशुद्ध विरळणी करून घ्या, तीही पावसाळ्याआधी. आमचा आक्षेप फक्त अशा जागी नव्याने मोठी झाडं लावण्याला आहे.

प्रश्न: व्हॉट्सअॅपवर यादी फिरते आहे: पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, कडुनिंब अमुक टक्के प्रदूषण खातो, तमुक झाड नंबर एक. खरी यादी द्याल का?
– निवृत्त शिक्षिका, वाशी

उत्तर: पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही. प्रकाशाशिवाय प्रकाशसंश्लेषण नाही, आणि रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो. त्यातून मुद्दाच चुकतो: हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे आणि वाशीत तो कमी पडलेला नाही. त्रास आहे तो काजळीचा, बारीक कणांचा आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा.

‘टक्केवारी’च्या याद्या बहुधा एका वेगळ्याच मोजमापावरून निघतात. त्याला वायुप्रदूषण सहनशीलता निर्देशांक म्हणतात. पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, पानाच्या रसाचा सामू आणि पानातलं सापेक्ष पाणी या चार गोष्टींवरून तो काढतात. झाड प्रदूषणात तगून राहील का, एवढंच त्यातून कळतं. झाड हवा किती साफ करतं, हे त्यातून कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २००० मध्ये हरितपट्ट्यांसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यातल्या लांबलचक याद्या अजूनही उपयोगी आहेत, पण ‘कुठे आणि कसं’ हे ठरल्यानंतर.

आपल्याकडे एक कसोटी सहसा कुणी लावत नाही: ज्या महिन्यांत हवा वाईट असते तेव्हा झाडावर पानं असतात का? सावर, पांगारा, शिरीष, ताम्हण ही जानेवारीनंतर उघडी पडतात. दिसायला देखणी, शोभेला जरूर लावा, आडोशाला नकोत. बकुळ, आंबा, वड, सातवीण बारमाही. कडुनिंब आणि करंज पानं टाकतात, पण लगेच नवी धरतात. सातवीण ऑक्टोबरपासून फुलते तेव्हा तिच्या उग्र वासाने काहींचं डोकं दुखतं, त्यामुळे खिडकीजवळ नको. निलगिरीसारखी झाडं आयसोप्रीन नावाचा वायू बराच सोडतात. गाड्यांच्या धुराशी आणि उन्हाशी त्याची गाठ पडली की ओझोन तयार होतो. कोनोकार्पस दाट वाढतो म्हणून बिल्डरांचा लाडका झाला. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीला मनाई केली. परागांचा त्रास आणि वाहिन्यांत घुसणारी मुळं, या दोन तक्रारींसाठी आम्हीही तो सुचवत नाही.

प्रश्न: शाळेचं मैदान थेट रस्त्याला लागून आहे, मध्ये फक्त जाळीचं कुंपण. जागा अर्धा मीटरच. झाडं लावायला वाव नाही. काही करता येईल?
– शिक्षक, ऐरोली

उत्तर: जाळीवरच वेल चढवा. ही हिरवी चौकट पातळ असते, पण सलग आणि दाट झाली तर मैदानाच्या आतल्या अंगाला चांगला आडोसा होतो. जाळी किमान दोन मीटर उंच हवी. दर अडीच मीटरवर खांब, ६० सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये रोवलेला. पावसात भिजलेला वेल वाऱ्याला शिडासारखा धरतो आणि कच्चे खांब जूनच्या पहिल्या वादळात आडवे होतात. पायाशी ४० सेंटिमीटरचा चर, ४० सेंटिमीटरवर एक रोप. कर्टन क्रीपर आणि मधुमालती आलटूनपालटून लावा. मधुमालती वर पळते, खालची जागा कर्टन क्रीपर भरतो. पहिलं वर्षभर फांद्या जाळीत आडव्या विणत राहा, नाहीतर सगळी पालवी माथ्यावर आणि मुलांच्या नाकाच्या उंचीला नुसत्या दोऱ्या.

कण्हेर आणि बिट्टी शाळेच्या आसपास नकोतच. दोन्हींचा प्रत्येक भाग विषारी आहे, बिट्टीची फळं तर मुलं हमखास उचलतात. डुरांटाची पिवळी फळंही तशीच. कुंपण लावून झाल्यावर एक पाहणी करा: शाळा सुटताना बस आणि रिक्षा कुठे उभ्या राहतात? गेटसमोर इंजिन चालू ठेवून थांबत असतील तर सगळी मेहनत तिथेच वाया जाते. मुलांच्या ये-जा करण्याचं गेट मागच्या गल्लीत नेता आलं तर ते वेलीइतकंच मोलाचं.

प्रश्न: घरासमोरून रात्रभर ट्रेलर जातात. बाल्कनीत मनी प्लांट, स्नेक प्लांट ठेवले तर हवा शुद्ध होईल ना?
– गृहिणी, कळंबोली

उत्तर: नाही होणार. ही समजूत १९८९ च्या नासाच्या एका प्रयोगातून पसरली. तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. खऱ्या घरात हवा दारं-खिडक्यांतून सतत बदलते. २०१९ मधल्या एका आढाव्यानुसार तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील. कुंड्या हौसेला ठेवा. रस्त्याकडच्या खिडक्या रात्री आणि सकाळी बंद, मागच्या बाजूच्या उघड्या, आणि फरशी कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न: दुभाजकात एवढी बोगनवेल आणि कण्हेर लावली आहे, त्याचा उपयोग किती?
– वाचक, सानपाडा

उत्तर: समोरच्या गाडीचा झोत अडवायला पुष्कळ. आपल्या फुप्फुसांना जवळपास नाही. दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना गाड्याच असतात, त्यामुळे तिथे आडोसा कुणापासून कुणाला?

प्रश्न: महामार्गालगतच्या मोकळ्या पट्ट्यात मियावाकी वन करायचं ठरतंय. ६० मीटर लांब, ५ मीटर रुंद. हवेसाठी उपयोगी पडेल?
– रहिवासी संघ, खारघर

उत्तर: पडेल, थोडे बदल केले तर. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत दर चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात, म्हणजे तुमच्या ३०० चौरस मीटरला ९०० ते १,२००. पहिली तीन वर्षं दाटी उत्तम असते. पुढे उजेडासाठी चढाओढ लागते, आतली रोपं मरतात, खालची पानं जातात आणि बाहेरून वन दिसत असलं तरी दीड मीटर उंचीपर्यंत नुसते दांडे उरतात. त्यामुळे महामार्गाकडचा एक मीटर मियावाकीतून काढून घ्या आणि तिथे वर सांगितलेलं दुपदरी कुंपण ठेवा, छाटणीसह. वड, पिंपळ, उंबर पाच मीटरच्या पट्ट्यात नकोत. जमीन तुमची नसेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाची किंवा रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. आणि दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचं नाव ठरावात लिहा. फोटो काढून गेलेल्यांची वनं मे महिन्यात ओळखू येतात.

प्रश्न: आम्ही कुंपण लावलं. पीएम २.५, म्हणजे हवेतले बारीक कण, मोजणारं छोटं यंत्रही घेतलं. आकडा फारसा उतरत नाही. आम्ही फसलो का?
– सोसायटीचे खजिनदार, माजिवडा

उत्तर: बहुधा नाही. पीएम २.५ चा बराचसा भाग तुमच्या रस्त्याचा नसतोच, तो सगळ्या शहरावर पसरलेला असतो आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना सारखाच. कुंपणाचा परिणाम ताज्या धुरावर जास्त दिसतो: काजळी, अतिसूक्ष्म कण, नायट्रोजन डायऑक्साइड. ते तुमचं यंत्र मोजत नाही. तरी तुलना करायची तर एकाच बनावटीची दोन यंत्रं घ्या, एक रस्त्याकडे आणि एक आत, दोन्ही दीड मीटर उंचीवर आणि एकाच वेळी. आधी दोन दिवस ती शेजारी-शेजारी ठेवून फरक नोंदवा, मग मोजणीच्या मध्यावर अदलाबदल करा. काल बाहेर आणि आज आत असं मोजून काही कळत नाही. हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाचे आकडे सोडून द्या, अशी यंत्रं बाष्पालाही कण समजतात. आकडा वाचताना संदर्भासाठी: पीएम २.५ चं २४ तासांचं भारतीय मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५.

प्रश्न: डिसेंबरमध्ये कुंपणाच्या पानांवर राखाडी थर बसतो. धुवायचा का? आणि महापालिकेच्या ठेकेदाराने झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर बसवलेत, त्याचं काय?
– वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर: धुवा. थर बसला की रंध्रं बुजतात, पान अन्न कमी बनवतं आणि वारा सुटला की तीच धूळ पुन्हा हवेत उडते. पावसाळ्यात हे काम फुकट होतं. नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी होजपाइपने फवारा मारा, पानाच्या खालच्या बाजूलाही. वेळ सकाळची, म्हणजे पानं उन्हात वाळतात आणि बुरशी धरत नाही. साबण, डिटर्जंट नको. ब्लोअरने किंवा काठीने झटकणं म्हणजे धूळ तुमच्या अंगणात पाठवणं. खाली गळलेला पाचोळा झाडून जाळू नका, कुंपणाच्या पायाशी पसरा. माती झाकली जाते आणि ती उडत नाही.

बुंध्याभोवती काँक्रीट ठेवू नये, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३ चा आदेश आहे. तो दिल्लीच्या प्रकरणातला असला तरी त्यातलं एक मीटर त्रिज्येचं माप इतर शहरांतही तक्रारीत दिलं जातं. उद्यान विभागाकडे अर्ज करताना झाडाला टेकलेल्या पेव्हरचा फोटो आणि जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक द्या, म्हणजे जागा सापडते. पेव्हर काढताना पहार बुंध्याकडे मारू देऊ नका, सालीला जखम झाली की तिथून वाळवी शिरते.

टाकीत पाणी कमी असेल तर अख्खं कुंपण धूत बसू नका. रस्त्याकडची बाजू आणि खालचा दीड मीटर एवढं पुरतं.